प्रीतीचा कायदा आणि अपराधाचे ओझे

१९४० सालच्या जून महिन्याची १७ तारीख. बाल्टिक समुद्राकाठच्या मेमेल या गावी एका उघड्यावरच्या कॅफेत दोन तरुण जर्मन पाद्री ऊन खात बसले होते. हे गाव आज लिथुआनियात आहे आणि त्याचे नाव क्लायपेडा झाले आहे. एकाएकी ध्वनिक्षेपकातून तुताऱ्या वाजल्या आणि फ्रान्स शरण आल्याची बातमी सांगण्यात आली. कॅफेतील माणसे आनंदाने बेभान झाली. कोणी खुर्च्यांवर चढले, कोणी गाऊ लागले आणि सगळ्यांचे हात हिटलरच्या सलामीसाठी पुढे झाले. त्या दोघांपैकी थोरला पाद्रीही उठला आणि त्याने इतरांसारखाच हात ताठ पुढे केला. धाकटा थक्क होऊन बसूनच राहिला. थोरल्याने त्याला हळूच दटावले की, हात वर कर. जीव धोक्यात घालण्याजोगी दुसरी कारणे पुढे येणार आहेत, या सलामीपायी तो घालवायचा नाही.

थोरल्या पाद्र्याचे नाव डीट्रिश बॉनहॉफर. धाकटा म्हणजे त्याचा जिवलग मित्र आणि पुढे त्याचा चरित्रकार झालेला एबरहार्ड बेटगे. बॉनहॉफरने तोवर सात वर्षे नाझी राजवटीला उघड विरोध केला होता. मग त्या दिवशीची त्याची सलामी खोटी म्हणायची की शहाणपणाची? आणि खोटेपणा शहाणपणाचा असला म्हणून धर्माला तो चालतो का? या प्रश्नाचे उत्तर देण्यात त्याचे उरलेले आयुष्य गेले. आयुष्यही मोठे नव्हते. अवघे एकोणचाळीस वर्षांचे.

ख्रिस्ती नीतिविचारात हा वाद जुना आहे. खोटे बोलू नये, खून करू नये, चोरी करू नये, या आज्ञा मोशेच्या काळापासून चालत आलेल्या. परंतु सगळे नियमशास्त्र एका प्रीतीत सामावते, ही शिकवणही त्याच धर्मग्रंथात आहे. मराठी बायबलमध्ये प्रीती हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्यात शेजाऱ्याचे भले व्हावे म्हणून झिजणे अभिप्रेत असते. मनाची हळवी ओढ नव्हे. आता आज्ञा आणि प्रीती यांची वाट फुटली तर कुठल्या वाटेने जायचे? १९६६ साली अमेरिकेतील पाद्री आणि नीतिशास्त्राचे अध्यापक जोसेफ फ्लेचर यांनी ‘सिच्युएशन एथिक्स’ या पुस्तकात याचे सडेतोड उत्तर दिले. त्यांच्या मते प्रीती एवढीच गोष्ट नेहमी आणि सर्वत्र चांगली असते. बाकीचे नियम म्हणजे अनुभवी माणसांचा सल्ला. प्रसंगी तो बाजूला ठेवता येतो. या पुस्तकाने मोठी खळबळ उडाली. कोणाला त्यात मोकळा वारा जाणवला, कोणाला स्वैराचाराला दिलेला परवाना. या वादात बॉनहॉफरचे नाव वारंवार निघे, कारण हा विचार त्याने आधी पाव शतक जगून पाहिला होता. मात्र त्याची वाट फ्लेचर यांच्या वाटेशी शेवटपर्यंत जुळत नाही. ती कुठे वेगळी होते, हे त्याचे चरित्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

डीट्रिशचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाउ येथे झाला. हे शहर आता पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. आठ भावंडांतला तो सहावा. त्याच्यापाठोपाठ जन्मलेली साबीना ही त्याची जुळी बहीण. वडील कार्ल बॉनहॉफर हे नामवंत मनोविकारतज्ज्ञ. १९१२ साली ते बर्लिनच्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले आणि कुटुंब बर्लिनकर झाले. आई पाउला शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झालेली. मुलांचे पहिले धडे तिने घरीच गिरवून घेतले. घरात संगीत होते, विज्ञान होते, वादविवाद होते; चर्चला नेमाने जाण्याची रीत मात्र नव्हती. १९१८ साली दुसरा मुलगा वाल्टर पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्या दुःखाने आई पार खचली. अशा घरातील धाकट्या मुलाने कोवळ्या वयात आपण धर्मशास्त्र शिकणार असे जाहीर केले, तेव्हा थोरल्या भावांनी त्याची चेष्टाच केली. चर्च म्हणजे जुनाट, कंटाळवाणी संस्था, असे त्यांचे म्हणणे. मग मी ती सुधारीन, असे उत्तर या पोराने दिल्याचे सांगतात.

बुद्धी तल्लख होती. एकविसाव्या वर्षी बर्लिन विद्यापीठातून त्याने डॉक्टरेट मिळवली. पाद्री होण्यापूर्वीच्या उमेदवारीसाठी तो १९२८ साली स्पेनमध्ये बार्सिलोनाला तिथल्या जर्मन मंडळींच्या चर्चमध्ये गेला. तिथे फेब्रुवारी १९२९ मध्ये त्याने ख्रिस्ती नीतीवर एक व्याख्यान दिले. हे व्याख्यान त्याच्या चाहत्यांना आजही अवघड वाटते, म्हणूनच ते इथे सांगायला हवे. त्यात त्याने ठासून सांगितले की, ख्रिस्ती धर्मात कायमची, साचेबंद नीतितत्त्वे नाहीत. माणूस त्या त्या क्षणी देवासमोर उभा असतो आणि निर्णय त्याला तिथेच घ्यावा लागतो. इथवर फ्लेचर यांनीही मान डोलावली असती. पण याच तर्काने तो पुढे गेला आणि आपल्या राष्ट्रावरील प्रीतीपोटी शत्रूचा जीव घेणेही पवित्र ठरू शकते, अशा निष्कर्षाला पोहोचला. तेवीस वर्षांच्या त्या तरुणाला पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचा अपमान डाचत होता. चार वर्षांनी सत्तेवर आलेल्या नाझींनाही हा निष्कर्ष सोयीचाच वाटला असता.

नियम काढून घेतले आणि नुसती प्रीती ठेवली तर काय होऊ शकते, याचा हा नमुना. कारण प्रीती कोणावर, हा प्रश्न उरतोच. माझ्या घरावर, माझ्या जातीवर, माझ्या देशावर माझी प्रीती असते आणि तिच्या नावाने दुसऱ्याचे घर जाळता येते. बॉनहॉफरचे मोठेपण असे की, तो या ठिकाणी अडकून पडला नाही. त्याला तिथून बाहेर काढले ते पुस्तकांनी कमी आणि माणसांनी अधिक.

१९३० साली तो शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेला. तिथल्या धर्मशास्त्राच्या शिक्षणावर त्याचा फारसा विश्वास बसला नाही. परंतु फ्रँक फिशर या कृष्णवर्णीय सहाध्यायाने त्याला हार्लेम भागातील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेले. महिनोन्‌महिने तो तिथे जात राहिला, मुलांचे रविवारचे वर्ग घेऊ लागला. गोऱ्या समाजाने झिडकारलेल्या माणसांच्या तोंडून त्याने ख्रिस्ताची कथा ऐकली, तेव्हा वरच्या माडीवरून दिसणारे जग आणि अंगणात उभे राहून दिसणारे जग यांतला फरक त्याला कळला. त्या लोकांच्या भक्तिगीतांच्या तबकड्या घेऊन तो जर्मनीला परतला आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांना त्या ऐकवत असे. त्याच सेमिनरीत जाँ लासेर हा फ्रेंच विद्यार्थी त्याला भेटला. फ्रेंच म्हणजे जर्मनांचा हाडवैरी. हा लासेर युद्धविरोधी होता आणि येशूचे डोंगरावरील प्रवचन ऐकून सोडून देण्यासाठी नसून पाळण्यासाठी आहे, असे मानत होता. शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा बॉनहॉफरने तोवर कितीदा वाचली असेल. आता ती आज्ञा लासेरच्या रूपाने त्याच्या शेजारी जेवायला बसत होती. बार्सिलोनातला राष्ट्रवाद तिथे गळून पडला.

तो बर्लिनला परतला, विद्यापीठात शिकवू लागला, १९३१ च्या नोव्हेंबरात त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. दोनच दिवसांनी बॉनहॉफरचे रेडिओवर भाषण होते. लोकांनी ज्याला देव केले तो नेता लोकांना कुठे नेतो, असा त्याचा विषय. भाषण संपण्याआधीच प्रक्षेपण बंद पडले. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्याची नव्वदीची आजी नाझी पहारेकऱ्यांच्या रांगेतून सरळ चालत गेली आणि ज्यू दुकानातून आपली खरेदी करून आली. त्याच महिन्यात सरकारी नोकरीतून ज्यू वंशाच्या लोकांना काढण्याचा कायदा झाला आणि चर्चनेही आपल्या पाद्र्यांना तोच निकष लावावा, असा आग्रह सुरू झाला. बॉनहॉफरने तेव्हा एक निबंध लिहिला. राज्यसंस्था अन्याय करू लागली तर चर्चने काय करावे? त्याने तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, सरकारला जाब विचारावा. दुसरी, जे चाकाखाली सापडले त्यांना मदत करावी, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत. तिसरी, वेळ आलीच तर चाकच अडवावे. त्या काळी चर्चमधील फार थोड्या लोकांनी असे काही लिहिले.

लिहिणे सोपे होते असेही नाही आणि वागणे तर त्याहून कठीण. साबीनाचे पती गेरहार्ड लाइबहोल्त्स हे ज्यू वंशातले. त्याच एप्रिल महिन्यात त्यांचे वडील वारले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. अंत्यविधीला प्रवचन करशील का, असे बॉनहॉफरला विचारण्यात आले. त्याने वरिष्ठांचा सल्ला घेतला. त्यांनी नको म्हटले आणि त्याने नकार कळवला. नियम पाळला गेला, पण बहिणीच्या घरचे दुःख एकटे पडले. काही महिन्यांनी त्याने पत्र लिहून लाइबहोल्त्स कुटुंबाची क्षमा मागितली. आपण इतके कसे घाबरलो, हे आपल्यालाच उमगत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढच्या काळात त्याने जे धाडस केले, त्याची मुळे या नकारातही शोधावी लागतात.

१९३३ च्या शरदात तो लंडनला गेला आणि तिथल्या दोन जर्मन मंडळ्यांचा पाद्री झाला. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांच्याशी त्याची मैत्री जमली ती तिथेच. जर्मनीत नाझींच्या कह्यात न गेलेल्या पाद्र्यांनी १९३४ साली बार्मेन येथे आपला जाहीरनामा काढला आणि ‘कन्फेसिंग चर्च’ उभे राहिले. बॉनहॉफर बाहेरून त्यांची बाजू जगाला सांगत होता. परंतु नुसते जाहीरनामे पुरे पडणार नाहीत, प्रतिकाराची रीत शिकायला हवी, असे त्याला वाटे. डोंगरावरील प्रवचन राजकारणात कसे उतरवायचे, हे युरोपातल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा हिंदुस्थानातल्या एका हिंदू माणसाला अधिक कळले आहे, असे त्याचे मत झाले होते. त्याने गांधीजींना पत्र लिहिले. बिशप बेल यांनीही शिफारस केली. १ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी उत्तर पाठवले. या दिवसांत गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला होता. परतीच्या भाड्याची सोय असेल आणि महिना शंभर रुपये खर्च करता येत असेल, तर कधीही या. मी तुरुंगाबाहेर आणि एका जागी असलो तर माझ्याजवळच राहाल, असे त्यांनी त्यात कळवले होते.

ती भेट झाली नाही. कन्फेसिंग चर्चला नवे पाद्री घडवण्यासाठी माणूस हवा होता आणि बॉनहॉफर १९३५ च्या वसंतात जर्मनीला परतला. विदर्भातल्या उन्हात हा जर्मन पाद्री सूत कातत बसला असता, तर पुढे त्याचा मार्ग वेगळा झाला असता का, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्याने फिंकेनवाल्डे येथे जे विद्यालय चालवले, त्यात मात्र आश्रमाची छाया दिसते. एकत्र राहणे, ठरावीक वेळी प्रार्थना, मौन, श्रम, परस्परांजवळ चुकांची कबुली. १९३७ साली गेस्टापोने ते बंद पाडले. त्याच साली त्याचे ‘नाखफोल्गं’, म्हणजे अनुसरण, हे पुस्तक निघाले. देवाची कृपा स्वस्तात मिळत नाही, ती मिळवणाऱ्याचे सगळे आयुष्य मागते, हा त्याचा गाभा.

१९३८ च्या सप्टेंबरात साबीना, तिचे पती आणि मुली यांना देश सोडावा लागला. बॉनहॉफर आणि बेटगे त्यांना काही अंतरापर्यंत मोटारीने सोडायला गेले होते. दोन महिन्यांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. बॉनहॉफरच्या बायबलमध्ये चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात देवस्थाने जाळल्याचा जिथे उल्लेख आहे, तिथे समासात त्याच्या हातची ती तारीख आजही दिसते.

युद्ध तोंडावर आले होते. लष्करात भरती व्हायचे नाही, आणि नकार दिला तर आपल्याबरोबर सगळे कन्फेसिंग चर्च गोत्यात येणार, असा पेच. अमेरिकेतील मित्रांनी त्याला १९३९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला बोलावून घेतले. नोकरी होती, सुरक्षितता होती, मान होता. त्याचे मन मात्र लागेना. देशबांधवांबरोबर ही काळरात्र सोसली नाही, तर उद्या देश पुन्हा उभारताना त्यात भाग घेण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, असे त्याने आपल्या यजमानांना लिहिले आणि महिना पुरा व्हायच्या आत तो परतीच्या बोटीवर चढला. कोणत्याही नियमाने त्याला परत बोलावले नव्हते.

आता तो तिसऱ्या पायरीवर आला. त्याची बहीण क्रिस्टीना हिचा नवरा हान्स फॉन डोनानी हा कायदेपंडित ‘आबवेर’ या लष्करी हेरखात्यात होता. या खात्याचे प्रमुख ॲडमिरल कानारिस आणि कर्नल ओस्टर यांच्या भोवती हिटलरला उलथून टाकण्याचा कट शिजत होता. बॉनहॉफरवर भाषणबंदी आणि नंतर लेखनबंदी आली होती. डोनानीने त्याला हेरखात्यात घेतले. कागदोपत्री तो परदेशांतल्या चर्चमधील ओळखी वापरून जर्मनीसाठी बातम्या काढणारा माणूस. प्रत्यक्षात कटाचा निरोप्या. ज्याने सत्य सांगण्याची दीक्षा घेतली, त्याला आता सही, पासपोर्ट, प्रवासाचे कारण, नमस्कार, सगळेच खोटे करावे लागले. जुने मित्रही संशयाने पाहू लागले. शत्रू राष्ट्राचा शिक्का असलेल्या पासपोर्टावर हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये मोकळा फिरतो कसा, असा प्रश्न खुद्द कार्ल बार्ट या थोर धर्मपंडितालाही पडला होता.

या खोटेपणातून काय निघाले? १९४२ साली डोनानी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौदा माणसांना, त्यांतले बहुतेक ज्यू वंशाचे, हेरखात्याचे हस्तक म्हणून दाखवून स्वित्झर्लंडला पोहोचवले. बॉनहॉफरचा त्यात सहभाग होता. हे चौदा जीव खोट्या कागदांवर वाचले. त्याच वर्षीच्या मे अखेरीस तो स्वीडनमध्ये सिग्टूना येथे बिशप बेल यांना भेटला आणि कटातील प्रमुखांची नावे त्यांच्या हवाली केली. हिटलर गेल्यावर येणाऱ्या सरकारशी ब्रिटन बोलणी करील का, एवढेच विचारायचे होते. बेल यांनी ती माहिती परराष्ट्रमंत्री ॲन्थनी ईडन यांच्यापुढे ठेवली. ईडन यांनी नकार दिला.

याच काळात, बव्हेरियातल्या एटालच्या मठात आणि मित्रांच्या घरी, बॉनहॉफर आपले नीतिशास्त्रावरचे पुस्तक लिहीत होता. ते पुरे झाले नाही. त्याच्या मृत्यूनंतर बेटगेने १९४९ साली ते छापले. त्यात तो आपल्या जुन्या विधानाकडे परत येतो. नियमांची यादी पुढे ठेवून माणूस निर्दोष राहू पाहतो, तेव्हा त्याला शेजाऱ्यापेक्षा स्वतःचे स्वच्छ हात प्यारे असतात, असे तो म्हणतो. जबाबदार माणूस ठोस प्रसंगात, ठोस माणसासाठी कृती करतो आणि गरज पडली तर नियम मोडतो. पण आता बार्सिलोनातला जोश नाही. नियम मोडला म्हणजे अपराध घडला. तो प्रीतीपोटी घडला म्हणून पुण्य होत नाही. जुलमी राज्यकर्त्याचा खून हा खूनच राहतो. तो करणाऱ्याने अपराध आपल्या शिरावर घ्यावा, स्वतःला क्षमा करू नये, निवाडा देवावर सोपवावा.

फ्लेचर आणि बॉनहॉफर यांची वाट इथे फुटते. प्रीतीने जे करायला सांगितले ते चांगलेच, असे फ्लेचर यांचे गणित. प्रीतीपोटी बोललेले खोटे त्यांच्या लेखी माफ करण्याजोगे पाप नसते. ते सरळ योग्य असते. बॉनहॉफरला हे पटले नसते. खाते बरोबर जुळले असे ज्याला वाटते, त्याला दुसऱ्या वेळी नियम मोडणे सोपे जाते आणि तिसऱ्या वेळी त्याची सवय होते. ओझे खांद्यावर राहिले, तरच माणूस पाऊल जपून टाकतो.

१७ जानेवारी १९४३ रोजी अठरा वर्षांच्या मारिया फॉन वेडेमेयर हिच्याशी त्याचा विवाह ठरला. १३ मार्चला हिटलरच्या विमानात चढवलेला बॉम्ब फुटलाच नाही. मार्चच्या ३१ तारखेला वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. मुले, सुना, जावई, नातवंडे यांनी मिळून संगीत सादर केले. सरकारकडून वडिलांना हिटलरच्या सहीचे मानपत्र आणि गटेच्या नावाचे पदक आले. दिवाणखान्यात ते वाचले जात असताना ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच हिटलरच्या मृत्यूची वाट पाहत होते. पाच दिवसांनी, ५ एप्रिलला, बॉनहॉफर, डोनानी आणि क्रिस्टीना यांना अटक झाली. हेरखात्यातील परकीय चलनाच्या व्यवहारांची चौकशी चालली होती आणि त्या चौदा जणांसाठी पाठवलेल्या पैशांचा धागा त्यात सापडला होता.

टेगेलच्या तुरुंगात तो दीड वर्ष होता. चौकशीत तो नेटाने खोटे बोलत राहिला. त्याच्या एका खऱ्या वाक्याने डझनभर माणसे फासावर गेली असती. घरून येणाऱ्या पुस्तकांत अक्षरांखाली पेन्सिलीच्या बारीक खुणा असत. त्या जुळवल्या की कोणी कबुली दिली, कोणी नाही, हे कळे. या कोठडीत त्याने सत्य बोलणे म्हणजे काय, यावर निबंध लिहायला घेतला. त्यातले उदाहरण साधे आहे. मास्तर भर वर्गात एका मुलाला विचारतात, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो ना? बाप पितो हे खरे असते. मुलगा नाही म्हणतो. बॉनहॉफर म्हणतो, मुलगा खोटे बोलला, तरीही घराची लाज राखण्यात त्याने मास्तरांपेक्षा अधिक सत्य सांभाळले. ज्याला विचारण्याचा अधिकार नाही, त्याने प्रश्न विचारून मुलाला कोंडीत पकडले. खोटेपणाचा दोष त्या मास्तरांकडे जातो.

आपल्याला इथे धर्मराज आठवतो. द्रोणवधाच्या वेळी तो अर्धसत्य बोलला, कृष्णाच्या सांगण्यावरून बोलला, युद्ध त्यामुळे जिंकले गेले. तरीही चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. महाभारतकाराने त्याला खोटे बोलू दिले, पण रथ पुन्हा वर उचलला नाही. बॉनहॉफरला ही कथा फार जवळची वाटली असती.

२० जुलै १९४४ रोजी श्टाउफेनबर्गने ठेवलेला बॉम्ब फुटला, हिटलर वाचला. सप्टेंबरात झोसेन येथे डोनानीने जमवलेली कागदपत्रे गेस्टापोच्या हाती लागली आणि सगळा कट उघडा पडला. तुरुंगातील एक पहारेकरी बॉनहॉफरला पळवून न्यायला तयार होता. कपडे आले, बेत ठरला. इतक्यात थोरला भाऊ क्लाउस पकडला गेला. आपण पळालो तर सूड त्याच्यावर आणि घरच्यांवर उगवला जाईल, म्हणून बॉनहॉफरने बेत सोडून दिला. स्वतःचा जीव वाचवणे हा काही अपराध नव्हता. तरी किंमत दुसऱ्याने मोजायची असेल तर ती सुटका त्याला नको होती.

पुढे गेस्टापोचे तळघर, मग बुखेनवाल्ड, मग फ्लोसेनबुर्ग. ८ एप्रिल १९४५ रोजी, रविवारी, वाटेतल्या श्योनबर्ग गावी त्याने सहकैद्यांसाठी उपासना चालवली. ती संपते तोच त्याला न्यायला माणसे आली. रात्री छावणीत वकिलाशिवाय, साक्षीदाराशिवाय खटल्याचे सोंग झाले आणि ९ एप्रिलच्या पहाटे कानारिस, ओस्टर यांच्यासोबत त्याला फाशी देण्यात आले. तो शांतपणे, प्रार्थना करून मेला, असे छावणीच्या डॉक्टराने नंतर सांगितले. हे वर्णन बऱ्याच पुस्तकांत छापले गेले. आज अभ्यासक त्यावर विश्वास ठेवायला कचरतात, कारण सांगणारा स्वतः त्या छावणीचा नोकर होता. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्याने फ्लोसेनबुर्ग मुक्त केले. डोनानीलाही त्याच सुमारास मारण्यात आले. क्लाउस आणि दुसरे मेहुणे र्‍युडिगर श्लायशर यांना बर्लिन पडता पडता गोळ्या घालण्यात आल्या. दोन मुलगे, दोन जावई. डीट्रिश गेल्याचे वृद्ध आईवडिलांना कळले ते जुलै महिन्यात, लंडनमधील श्रद्धांजलीची प्रार्थना बीबीसीवरून ऐकताना. ती प्रार्थना बिशप बेल यांनी घडवून आणली होती.

युद्ध संपल्यावर त्याच्याच देशातील काही पाद्र्यांना तो अडचणीचा वाटे. धर्मासाठी मेलेला तो हुतात्मा. हा तर राजकीय कटात मेला, असा त्यांचा आक्षेप. १९९६ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा बेकायदा होती असा निर्वाळा दिला आणि १९९८ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या दर्शनी भिंतीवर विसाव्या शतकातील दहा हुतात्म्यांत त्याचा पुतळा बसला. आता अडचण उलटी झाली आहे. जो तो त्याला आपल्या बाजूला ओढतो. अमेरिकेत गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या बाजूनेही त्याचे नाव घेतले गेले. आमच्याही अंतःकरणात प्रीती आहे, आमच्याही पुढे राक्षस उभा आहे, म्हणून आम्हालाही नियम लागू नाहीत, असे म्हणणाऱ्यांची उणीव कुठल्याच देशात, कुठल्याच धर्मात नसते.

त्यांनी त्याचे चरित्र पुरते वाचले तर बरे. बॉनहॉफरने ज्यांच्यासाठी नियम मोडले ती माणसे त्याच्या गोटातली नव्हती. ज्या राष्ट्राच्या नावाने नियम मोडावेत असे त्याला एके काळी वाटले, त्याच राष्ट्राच्या राजवटीविरुद्ध त्याने ते मोडले. खोटेपणाची किंमत त्याने दुसऱ्या कोणावर ढकलली नाही. आणि जे केले ते योग्यच होते, असा दाखला त्याने स्वतःला कधी दिला नाही. नियम सांभाळणाऱ्यांना तो विचारतो की, तुमच्या स्वच्छ हातांची किंमत कोण देत आहे. नियम मोडणाऱ्यांनाही तो हेच विचारतो. या प्रश्नाला ज्याच्याजवळ चटकन उत्तर तयार असते, त्याने नियम मोडण्याआधी थोडे थांबावे.